ऑपरेशनची तारीख देता, मग तयारीपण करून घ्या

हार्टची ऑपरेशनं करणाऱ्या हॉस्पिटलांच्या मॅनेजमेंटला, तिथल्या सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट डॉक्टरांना, आणि सातारा जिल्ह्याच्या आरोग्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात गोडोलीला राहते, माहेर कोरेगाव तालुक्यातलं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. हे पत्र तुम्हाला एकेकट्याला पाठवता आलं असतं, पण मग ते फायलीत जाऊन बसलं असतं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

झालंय असं की गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलानं बायपास आणि वॉल्व्हच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पेशंटसाठी चालणारा एक छोटा वर्ग, ऑपरेशनआधी चालण्याचे-श्वासाचे व्यायाम शिकवून तयारी करून घेणारा, बंद केला. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण बाकीच्या बऱ्याच ठिकाणी असा वर्ग कधी सुरूच झाला नसेल, मग एकट्याला कशाला धरायचं. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दोन तास, एक फिजिओथेरपिस्ट मॅडम, दहा-बारा पेशंट, चार खुर्च्या आणि एक लांब कॉरिडॉर, एवढाच तो पसारा. कारण काय दिलं तर खोली दुसऱ्या कामाला लागतेय आणि ह्या वर्गाचं बिल कुठल्याच पॅकेजला लावता येत नाही. दाराला कागद चिकटवला, संपलं. मला हे गप्प बसून बघवत नाही, आणि का बघवत नाही ते सांगायला तीन वर्षं मागं जावं लागेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा ६६ वर्षांचे होते. आल्याची आणि उसाची शेती, आयुष्यभर पायी. चढाला छातीत भरून यायला लागलं, थांबलं की जायचं, म्हणून दाखवलं. अँजिओग्राफीत तीन नळ्यांमध्ये ब्लॉकेज निघालं. डॉक्टर म्हणाले, आज-उद्याची घाई नाही, पण बायपास करून घ्या. मग शुगर कंट्रोलला आणायची, योजनेची मंजुरी यायची, बेड मिळायचा, एकदा दिलेली तारीख पुढं गेली, असं करत करत ९ आठवडे गेले. ह्या ९ आठवड्यांसाठी आम्हाला मिळालेली सूचना एकच, ती पण दारात उभं राहून, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता: "आराम करा, दगदग नको, जड उचलू नका."

आता आमच्याकडं आराम म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. सोप्यात कॉट टाकली. चहा कॉटवर, जेवण कॉटवर, टीव्ही कॉटवरनं. जो माणूस सकाळी दीड किलोमीटर चालत शिवारात जाऊन यायचा त्याला आम्ही अंगणातल्या नळापर्यंत जाऊ देत नव्हतो. बघायला येणारं प्रत्येक जण म्हणायचं, "अण्णा उठू नका, पडून राहा, हार्टचं काम आहे." त्यात कुणी सांगितलं अंडं नको, कुणी म्हणालं दूध बंद करा, तूप तर विषच, शेवटी अण्णा अर्धी भाकरी आणि पातळ आमटीवर आले. ६ किलो वजन उतरलं. आम्हाला वाटलं बरंच झालं, हार्टवरचा भार कमी झाला. ते वजन मांड्यांचं जात होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि तंबाखू? ती चालूच होती, पडून पडून कंटाळलेला माणूस दुसरं काय करणार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत मळून खात होते, कारण "तंबाखू सोडा" एवढं एकदा म्हणून झालं होतं पण कधीपासनं सोडायची आणि का, ते कुणी बसून बोललं नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी मनापासनं लिहितेय, सर्जनच्या हाताला तोड नाही, आजही अण्णांचं हार्ट व्यवस्थित चाललंय. पण ऑपरेशन झाल्यावरचे दिवस काढायला जो माणूस लागतो तो आम्ही ९ आठवड्यांत कॉटवर झिजवून आणला होता. कफ सुटंना, खोकायची ताकद नाही, तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन खाली आला, एक्सरेत फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा, न्यूमोनिया. परत तोंडाला मास्कची मशीन. आयसीयूतनं वॉर्डात, वॉर्डातनं परत आयसीयूत. एका सिस्टरनी हातात ते तीन बॉलचं यंत्र दिलं आणि म्हणाल्या बॉल वर उचला. अण्णा बिचारे फुंकर मारत बसले. दोन दिवस फुंकत होते. त्या यंत्रात हवा आत ओढायची असते हे तिसऱ्या दिवशी कळलं. कोविडच्या वेळी घरोघरी हे यंत्र आलं होतं, आमच्याकडंपण माळ्यावर पडलेलं होतं, ९ आठवडे ते माळ्यावर आणि अण्णा त्याच्या खाली कॉटवर.

आणि एक प्रसंग मी विसरू शकत नाही. कमोडवरनं उठता येईना. मांड्यांत ताकदच नाही, म्हणून त्यांनी सवयीनं दोन्ही हात टेकले आणि जोर लावला, तर सिस्टर ओरडल्या, "हातावर जोर देऊ नका, छातीचं हाड जुळायचंय अजून!" बरोबरच होतं त्यांचं. छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, सहा-आठ आठवडे हातावर भार द्यायचा नाही, ओढायचं-ढकलायचं नाही. पण मग हात न लावता उठायचं कसं, हे ज्याच्या पायात दम होता तेव्हा शिकवायला नको का? अण्णा त्या दिवशी रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हापण नाही.

आठवड्यात घरी जाल असं सांगितलं होतं, आम्ही १९ व्या दिवशी घरी आलो. उपचार सगळे योजनेतनं झाले, त्या योजनेचे आमच्यावर उपकार आहेत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली आणि पुढं जिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं तीच ही योजना, आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण हे आमच्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, त्यामुळं त्या कार्डाकडं बघताना मला आपलेपणा वाटतो. म्हणूनच मागायला लाज वाटत नाही.

आता मामांचं सांगते. मामा वाईकडचे, वय ६४, एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, तरुणपणी तालमीतले. गेल्या वर्षी त्यांनापण बायपास सांगितली, आणि नशिबानं ज्या हॉस्पिटलात गेले तिथं हा वर्ग चालू होता. पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांचं काय काय मोजलं तर, कॉरिडॉरमध्ये तीस मीटरवर टेप लावलेली, तिथनं सहा मिनिटांत किती चालणं होतं, खुर्चीतनं हात छातीशी धरून पाचदा उठायला-बसायला किती सेकंद लागतात, श्वास ओढायचा जोर किती, वजन, बोटातलं ऑक्सिजन, चालायच्या आधीचा आणि नंतरचा बीपी. सगळं एका कार्डावर लिहून मामांच्या खिशात. पहिल्या दिवशी २६० मीटर.

खुर्चीतनं उठ-बस करायला सांगितली तर मामा हसले, म्हणाले, "मॅडम, ह्या तर बैठकाच की. तालमीत पाचशे मारायचो." मॅडम म्हणाल्या, आता रोज तीन वेळा आठ-आठ मारा, पण श्वास कोंडायचा नाही, मोजताना तोंडानं मोठ्यानं मोजा. तालमीतला माणूस श्वास कोंडून जोर लावतो, तो हार्टला वाईट, हे मला तिथं बसून कळलं. चालायचं कसं तर शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला, धडधडलं तर तिथंच थांबायचं, जिभेखालची गोळी खिशात पाहिजेच, आणि गोळीनं पण गेलं नाही तर सरळ हॉस्पिटल. दम किती लागला ते सहापासनं वीसपर्यंतच्या आकड्यांत सांगायचं, सहा म्हणजे अजिबात नाही आणि वीस म्हणजे अगदी शेवटचा, मामांना ११ ते १३ च्या मध्ये राहायला सांगितलेलं. एक छोटं स्प्रिंगचं यंत्र दिलं, त्यातनं श्वास आत ओढताना जोर लागतो, जसजशी ताकद येईल तसं स्क्रू फिरवून ते जड करायचं. हे तीन बॉलच्या यंत्राहून वेगळं. त्यात बॉल उचलून दीर्घ श्वासाची सवय होते, ह्यात श्वासाच्या स्नायूंची मेहनत होते.

ह्याशिवाय उशी छातीशी धरून खोकायचं कसं, कॉटवरनं उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडून कसं उठायचं, बायपाससाठी पायातली नस काढली तर पाय सुजेल तेव्हा काय करायचं, हे सगळं आधीच. डाळ, उसळ, ताक, अंड्याचा पांढरा भाग, किती खायचं ते लिहून. तंबाखूची पुडी त्याच दिवशी मॅडमच्या टेबलावर. आणि एक शनिवारी तीन महिन्यांमागं ऑपरेशन झालेले एक काका आले, त्यांनी शर्टाची बटणं काढून टाका दाखवला, म्हणाले, "बघा, मी एसटीनं आलोय." मामांना त्या काकांनी जेवढा धीर दिला तेवढा आम्ही सगळ्या घरानं मिळून दिला नव्हता.

पाच आठवड्यांनी मामा ३४० मीटर चालले. खुर्चीची उठ-बस १९ सेकंदांवरनं १३ वर आली. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी खुर्चीत, आठव्या दिवशी घरी. मला माहितीये, एक अण्णा आणि एक मामा ह्यांच्यावरनं काही सिद्ध होत नाही, दोघांची तब्येत वेगळी, नळ्या वेगळ्या, नशीब वेगळं. माझ्या भावानं हेच मला ऐकवलं. म्हणून मी शोधत बसले, इंग्रजी वाचून वाचून, कळलं नाही ते मॅडमना विचारून.

२००० साली कॅनडात बायपासची वाट बघणाऱ्या अडीचशेच्या आसपास पेशंटवरचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातनं दोनदा देखरेखीखाली व्यायाम, शिवाय माहिती आणि महिन्याला नर्सचा एक फोन. ते लोक बाकीच्यांपेक्षा एक दिवस आधी घरी गेले, आयसीयूतपण कमी वेळ राहिले. २००६ साली नेदरलँड्समध्ये, फुप्फुसाचा त्रास होण्याची जास्त भीती असलेले २७९ बायपासचे पेशंट घेतले, निम्म्यांना निदान दोन आठवडे रोज २० मिनिटं तो श्वास ओढायचा व्यायाम दिला, त्यातला बराचसा घरीच करायचा. फुप्फुसाची गुंतागुंत व्यायाम केलेल्यांत १८ टक्के, न केलेल्यांत ३५ टक्के. न्यूमोनिया एकीकडं ६.५ टक्के आणि दुसरीकडं १६.१. हे आकडे मी वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसाला वीस मिनिटं. अण्णांकडं ९ आठवडे होते.

२०१२ साली असे आठ अभ्यास, ८५६ पेशंट, एकत्र करून कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं, बघितलं, तिथंपण न्यूमोनिया कमी आणि हॉस्पिटलातले दिवस कमी असंच निघालं. मरणाचं प्रमाण कमी होतं असं मात्र त्यात दिसलं नाही, आणि मी तसा दावा करत पण नाही. २०१९ साली हार्टच्या ऑपरेशननंतर माणूस लवकर बरा व्हावा म्हणून ज्या आंतरराष्ट्रीय शिफारशी छापल्या गेल्या त्यात ठरवून करायच्या ऑपरेशनआधी अशी तयारी करून घ्या असं आहे, आणि तंबाखू-सिगारेट, जास्तीची दारू निदान चार आठवडे आधी बंद करा असंपण आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. आणि कॉटचं म्हणाल तर २००७ साली अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आहे, बारा धडधाकट म्हातारी माणसं, अण्णांच्याच वयाची, दहा दिवस नुसती पलंगावर ठेवली, तर प्रत्येकाचं पायांचं सरासरी किलोभर मांस गेलं. धडधाकट, आणि दहाच दिवस.

का होतं हे मॅडमनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. बायपासच्या वेळी बहुतेकदा हार्ट-लंग मशीनवर घेतात, तेवढा वेळ फुप्फुसं मिटून पडतात. नंतर छातीचं हाड दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, कफ तळाला साचतो, तिथं इन्फेक्शन. ज्याचे श्वासाचे स्नायू आधीच बळकट आहेत तो दुखत असतानापण खोल श्वास ओढतो आणि कफ काढतो. ज्याचे पाय बळकट तो लवकर उभा राहतो, आणि उभा राहिला की फुप्फुसं आपोआप उघडतात. एवढंच शास्त्र आहे. खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. कुस्ती ठरली की पैलवानाला कुणी कॉटवर झोपवतं का? त्याची मेहनत वाढवतात, खुराक वाढवतात, वस्ताद रोज उभा असतो.

आता तक्रारी सांगते, स्पष्ट सांगते.

पहिली तक्रार "आराम करा" ह्या दोन शब्दांची. औषध देताना तुम्ही किती मिलिग्रॅम, दिवसातनं कितीदा, जेवणाआधी का नंतर, सगळं लिहिता. आरामाचा डोस लिहीत नाही. मग घरचे भीतीपोटी जास्तीत जास्त डोस देतात. आमच्या घरी तेच झालं आणि त्याचा दोष मी माझ्या आईला देणार नाही.

दुसरी, तारीख मिळाल्यापासनं ऑपरेशनपर्यंतचा पेशंट कुणाचाच नसतो. कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात आता सर्जन बघतील, सर्जन म्हणतात तारखेला या, गावातले डॉक्टर म्हणतात मोठ्या हॉस्पिटलचं केस आहे मी कशाला हात लावू. मी ९ आठवड्यांत तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा मंजुरीचं विचारलं गेलं, अण्णांचं नाही.

तिसरी, फिजिओथेरपिस्ट तुमच्याकडं असतात, पण त्यांना बोलावणं येतं ते ऑपरेशन झाल्यावर. वेदनेत, गुंगीत, नळ्या लावलेल्या माणसाला ते पहिल्यांदा भेटतात आणि शिकवायला लागतात. त्या वेळी काय शिकणार माणूस? अण्णांसारखा फुंकरच मारणार.

कागद सगळे इंग्रजीत हे तर आता इतकं जुनं झालंय की लिहायला पण कंटाळा येतो, तरी लिहिते.

आणि बायकांचं. बाईमाणसाला आराम करा म्हणलं तर तिच्या वाट्याला तो पण येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना वॉल्व्हचं ऑपरेशन सांगितलं होतं, लहानपणीच्या सांधेतापानं खराब झालेला वॉल्व्ह, त्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत हंडे भरत होत्या, धपापत, मध्ये मध्ये उंबऱ्यावर बसत. मिश्री दिवसातनं चारदा. त्यांना कुणी विचारलं नाही की घरी पाणी कोण भरतं, मिश्री लावता का. तंबाखूचा प्रश्न पुरुषांनाच विचारतात बघा. म्हणजे एकीकडं अण्णा कॉटवर झिजले आणि दुसरीकडं ज्यांनी खरंच जपायला पाहिजे होतं त्या काकू राबत राहिल्या. दोघांना सूचना एकच होती.

इथं एक गोष्ट वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते. हे पत्र वाचून कुणी आपल्या पेशंटला उद्या सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढवायला नेऊ नका. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखणारी छाती, नुकताच आलेला अटॅक, डाव्या बाजूच्या मुख्य नळीतलं मोठं ब्लॉकेज, खूप अरुंद झालेला वॉल्व्ह, अंगावर सूज आणि आडवं झालं की दम, ठोक्यांचा न आटोक्यात आलेला घोळ, अशांना व्यायाम धोक्याचा असू शकतो, त्यांच्यासाठी चालणं पण डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय नाही. काहींना फक्त श्वासाचे व्यायाम आणि उठायची-खोकायची पद्धत एवढंच बसतं, काहींना तेपण जपून. म्हणूनच तर हे काम घरच्यांच्या अंदाजावर सोडू नका म्हणून मी भांडतेय. कुणी किती हलायचं हे ठरवणं तुमचं काम आहे, तुमच्याकडं इको आहे, अँजिओ आहे, ट्रेनिंग आहे. आमच्याकडं फक्त भीती आहे.

मागण्या फार नाहीत.

तो बंद केलेला वर्ग परत सुरू करा. खोली नसेल तर कॉरिडॉर द्या, मॅडमनी कॉरिडॉरमध्येच निम्मं काम केलंय. ज्यांच्याकडं वर्ग नाही त्यांनी आठवड्यातनं एक दिवस तरी सुरू करा.

ज्या दिवशी ऑपरेशन ठरतं त्याच दिवशी पेशंटची ताकद मोजा. सहा मिनिटांची चाल, खुर्चीतनं उठ-बस, वजन, रक्त कमी आहे का, तीन महिन्यांची शुगर, दात किडलेत का, तंबाखू-मिश्री, घरी कोण आहे, जिने किती. आणि त्यावरनं डॉक्टरांनी तीनपैकी एक खूण करावी: चाला आणि व्यायाम करा, फक्त श्वासाचे व्यायाम, किंवा पूर्ण जपा. सही करून, मराठीत, मोठ्या अक्षरात. हा एक कागद आम्हाला मिळाला असता तर आईनं तो देवाच्या फोटोशेजारी लावला असता आणि तंतोतंत पाळला असता.

श्वासाची यंत्रं हॉस्पिटलनं डिपॉझिट घेऊन वापरायला द्यावीत, तोंडात धरायचा भाग ज्याचा त्याला नवा. ती महाग पडतात म्हणून लोक घेत नाहीत, आणि ऑपरेशन झालं की कपाटात पडतात.

माण-खटावच्या, पाटणच्या, जावळीच्या माणसाला आठवड्यातनं दोनदा वर्गाला येणं जमणार नाही, त्याची मजुरी बुडते, गाडी मिळत नाही. कित्येकांचं ऑपरेशन तर पुण्याला असतं, शंभराहून जास्त किलोमीटरवर. त्यांच्यासाठी आठवड्याला एक फोन ठेवा. कॅनडातल्या त्या पेशंटना व्यायामासोबत महिन्याला एक फोनपण होता. आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती ही आहे, गावागावात आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आशाताई घरोघर जातात. बीपी-शुगरवाल्यांची यादी त्यांच्याकडं असतेच. त्यात हार्टच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्यांची नावं घाला, चार पानांचं ट्रेनिंग द्या, कार्डावरच्या खुणेप्रमाणे चाललंय का एवढं बघू द्या. छातीत दुखणं वाढलं तर त्यांनी थेट हॉस्पिटलला कळवायचं. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातनं एक दिवस ह्याच कामाला ठेवा.

आणि आरोग्य योजनांची पॅकेजं जे ठरवतात त्यांना, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर, ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये आधीच्या तयारीसाठी थोडी रक्कम वेगळी धरा. माझ्या पतसंस्थेत मी रोज बघते, ज्या गोष्टीला खातं नाही त्या गोष्टीचा पैसा कुठंच जमा होत नाही. वर्ग बंद पडला तो मॅडम चुकल्या म्हणून नाही, कागदावर त्याला रकाना नव्हता म्हणून. आयसीयूचा एकेक दिवस वाचला तर ती रक्कम कुठनं निघेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ह्या साताऱ्यात २०१२ पासनं हिल मॅरेथॉनला हजारो लोक यवतेश्वरचा घाट पळत चढतात, बाहेरच्या राज्यांतनं येतात, त्या लोकांना महिना महिना आधी कुठल्या आठवड्यात किती पळायचं त्याचे तक्ते मिळतात. ती धाडसाची गोष्ट आहे, कौतुकच आहे. पण छाती उघडून घ्यायला निघालेल्या माणसाला निदान एक तक्ता मिळावा एवढंच म्हणणं आहे माझं.

मॅडमशी मागच्या आठवड्यात बोलले. त्या म्हणाल्या, मी रविवारी विनामोबदला येते, जागा तेवढी मिळू दे. एवढं म्हणणारी माणसं तुमच्याकडं कामाला आहेत, त्यांचं ऐका.

आणखी एक. अण्णांचे शेजारी, आमचे आप्पा, त्यांची अँजिओग्राफी परवाच झाली. बायपास सांगितलीय, तारीख सहा आठवड्यांनंतरची. काल माहेरी गेले होते तर त्यांच्या सोप्यात कॉट आलेली होती, आणि अण्णा त्यांच्या उशाशी बसून म्हणत होते, "आप्पा, मी केलं तसं करू नका, उठा, विचारून घ्या." आप्पांच्या मुलानं मला विचारलं, ताई, मग किती चालवू त्यांना? मी म्हणलं हे मी सांगायचं नाही, डॉक्टरांनी सांगायचं. त्यानं कालच हॉस्पिटलला फोन केला होता. त्याला सांगितलं, आराम करू द्या.

तुम्ही आप्पांना परत बोलवा, मोजा, आणि लिहून द्या. सहा आठवडे कालपासनं सुरू झालेत.

आपली,
अण्णांची मुलगी
गोडोली, सातारा